सिग्नल जनरेटर चिपच्या साइनपासून स्क्वेअर वेव्ह

डीडीएस (डायरेक्ट डिजिटल सिंथेसिस, म्हणजे आकड्यांवरून लहर बनवणाऱ्या) चिपमधून (एडी9833, एडी9850 वगैरे) येणारी साइन एका ठरावीक व्होल्टेजशी सतत ताडून बघायची, वर असली की हाय, खाली गेली की लो, मुळात एवढंच हे काम, आणि ते करणारं सर्किट म्हणजे कम्पॅरेटर. काउंटरला क्लॉक, अ‍ॅम्प्लिफायरची टेस्ट हे उपयोग सगळ्यांना माहितीयेत.

उगमाबद्दल मात्र एकमत नाही. काहीजण थेट 1918 च्या एक्लस-जॉर्डन ट्रिगरपर्यंत मागे जातात, पण ते एका स्थितीत अडकून राहणारं सर्किट, येणाऱ्या सिग्नलच्या पातळीवर नजर ठेवणारं नव्हे, त्यामुळे श्मिट ट्रिगरवाल्या ऑटो श्मिट यांचं नाव धरणंच जास्त बरोबर वाटतं. त्यांनी विद्यार्थी असताना साधारण 1934 मध्ये हे सर्किट केलं म्हणतात, छापून आलं 1938 मध्ये. छापील पुरावा म्हणून 1938 धरलेलं बरं. डीडीएसची कल्पना 1971 च्या टिअर्नी, रेडर आणि गोल्ड यांच्या लेखातली. त्याआधीच्या पद्धतीच्या एक्सआर2206, आयसीएल8038 सारख्या चिपमध्ये गंमत उलटी असते, तिथे आधी ट्रँगल बनते आणि तिला वाकवून साइन करतात, म्हणून स्क्वेअर तिथे आयतीच मिळते.

आता कोणी म्हणेल एडी9833 सुद्धा स्क्वेअर देते की, मग हा उपद्व्याप कशाला. देते, पण त्याच पिनवर, म्हणजे साइन आणि स्क्वेअर एकाच वेळी मिळत नाहीत, शिवाय साइन जेमतेम 0.6 व्होल्ट पीक-टू-पीक आणि स्क्वेअर थेट सप्लायएवढी, पुढच्या नाजूक स्टेजला दणकाच. आणि ही स्क्वेअर म्हणजे आतल्या अ‍ॅक्युम्युलेटरचा (लहर कुठवर आली ते मोजणाऱ्या काउंटरचा) सर्वात वरचा बिट, तिची कड क्लॉकच्या ठोक्यावरच पडू शकते, 25 मेगाहर्ट्झ क्लॉकला 40 नॅनोसेकंदांपर्यंत मागेपुढे. फिल्टर केलेली साइन कम्पॅरेटरला दिली तर कडेचं हे मागेपुढे होणं (जिटर) जातं. फिल्टरच नसेल तर साइन पायऱ्यापायऱ्यांची राहते आणि फायदा शून्य.

पण खालच्या फ्रिक्वेन्सीला हिशोब फिरतो. 1 किलोहर्ट्झला ही साइन मधल्या पातळीपाशी मायक्रोसेकंदाला 1.9 मिलिव्होल्ट चढते, म्हणजे 1 मिलिव्होल्ट नॉइज असला तरी कड अर्धा मायक्रोसेकंद हलते, बिटवाल्या स्क्वेअरपेक्षा दहापटीहून जास्त वाईट. याच हिशोबाने 10-15 किलोहर्ट्झच्या खाली बिटवाली स्क्वेअर घ्यावी, वर कम्पॅरेटरची. नॉइजमुळे एका कडेच्या जागी चार कडा येऊ नयेत म्हणून हिस्टेरेसिस (हाय व्हायची आणि लो व्हायची पातळी थोडी वेगळी ठेवणं) लागतोच: 5 व्होल्टचं आउटपुट, इनपुटला 10 किलोओहम आणि आउटपुटकडून परत 1 मेगाओहमचा रेझिस्टर, झाला 50 मिलिव्होल्ट. एलएम393 या कम्पॅरेटरला प्रतिसादालाच 1.3 मायक्रोसेकंद लागतात, एलएम311 ला 200 नॅनोसेकंद, मेगाहर्ट्झमध्ये जायचं तर टीएलव्ही3501 सारखा वेगवान हवा. आणि 74एचसी14 (श्मिट ट्रिगरची तयार चिप) सरळ जोडून चालत नाही, 5 व्होल्टवर त्याचा हिस्टेरेसिसच 1 व्होल्टच्या आसपास, 0.6 व्होल्टची साइन त्यात कुठेच पोचत नाही, आधी वाढवून घ्यावी लागते.

एडी9850 मध्ये कम्पॅरेटर आतच असतो. स्वस्त मॉड्यूलवरचा निळा ट्रिमपॉट (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर) म्हणजे त्याची पातळी. ती साइनच्या बरोबर मध्यावर नसेल तर ड्यूटी सायकल (हाय राहण्याचा वाटा) 50 टक्के राहत नाही आणि फ्रिक्वेन्सी वाढवत गेलं, साइन लहान होत गेली, की आधी पल्स बारीक होतो आणि मग स्क्वेअर गायबच.

गोव्यात जत्रा-सप्ताहांच्या साऊंडचे अ‍ॅम्प्लिफायर तपासायला ही स्क्वेअर बरी: माथा तिरका झाला तर बास कमी, कडेवर लहरी उठल्या तर वरच्या फ्रिक्वेन्सीला रिंगिंग. इथला खरा वैरी पावसाळा. कपॅसिटरने जोडणी करून खालची फ्रिक्वेन्सी वाचवायला बायसला (मधली पातळी ठरवायला) मेगाओहमचे रेझिस्टर लावले की जून-जुलैत बोर्डावर उरलेला सोल्डरिंगचा फ्लक्स नि खारी ओल मिळून गळती होते, पातळी सरकते, ऑक्टोबरात लावलेली 50 टक्के ड्यूटी तशी राहत नाही. म्हणून इथे बायसला 100 किलोओहमच्या वर जाऊ नये, त्याऐवजी कपॅसिटर मोठा घ्यावा, आणि बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, वाळवून वर लॅकरचा हात मारावा. ट्रिमपॉट मात्र त्या लॅकरपासून झाकून ठेवायचा.