पुराला वाट ठेवणारा पूल

रोममध्ये टायबर नदीच्या मधोमध एक छोटं बेट आहे. पूर्वेच्या काठावरून तिथं जाणारा पूल इ.स.पू. ६२ सालचा. नाव पोन्स फाब्रिसियस, म्हणजे फाब्रिसियसचा पूल. दोन मोठ्या कमानी, लांबी साधारण ६२ मीटर. लोक आजही त्यावरून चालत बेटावर जातात.

दगडी कमान इतकी टिकते याचं खरं तर फार नवल नाही. दगड दाबाला पक्का, ताणाला कच्चा. लांब फरशी दोन टोकांवर टेकवून मध्ये वजन ठेवलं, तर तिची खालची बाजू ताणली जाते आणि तडा तिथूनच सुरू होतो. कमानीतले पाचरीच्या आकाराचे दगड मात्र वरचा भार शेजारच्या दगडावर ढकलतात, तो पुढच्यावर, आणि शेवटी सगळं ओझं खांबात नि काठात उतरतं. प्रत्येक दगड दाबलेलाच राहतो. बांधताना तेवढा खालून लाकडी सांगाड्याचा आधार लागतो. माथ्याचा शेवटचा दगड बसला की सांगाडा काढून घ्यायचा.

मग असे पूल पडतात कशानं? वरच्या वाहतुकीपेक्षा खालच्या पाण्यानं. पूर खांबांशी अडतो, फुगतो, भोवरे घालतो आणि पायाजवळची वाळू-माती उपसून नेतो. पाया खचला की भाराची वाट बदलते, काही सांधे उघडतात आणि कमान कोसळू शकते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीच्या पुरात ब्रिटिशकालीन दगडी पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला, तो आपण विसरलेलो नाही.

फाब्रिसियसच्या मधल्या खांबात, मोठ्या कमानींच्या मध्ये, एक छोटी कमान आरपार मोकळी सोडलेली आहे. एरवी ती कोरडीच असते. पाणी चढलं की तिथूनही वाहतं, त्यामुळे पुलावरचा रेटा कमी होतो. मला त्या दोन भव्य कमानींपेक्षा ही खिडकीच जास्त हुशारीची वाटते. बेटाच्या जरा खाली पोन्स एमिलियस हा त्याहून जुना पूल होता. पुरांनी तो अनेकदा मोडला, १५९८ च्या पुरात त्याचा अर्धा भाग गेला आणि आज नदीत त्याची एकच कमान उभी आहे.

फाब्रिसियस हा रस्त्यांचा अधिकारी. पूल आपणच बांधून घेतला आणि आपणच मंजूरही केला, असं त्यानं कमानींवर ठसठशीत कोरून ठेवलंय. बांधणारा तोच, पास करणाराही तोच! पण इ.स.पू. २१ मध्ये लोलियस आणि लेपिडस या दोन कॉन्सलांनी, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी, पूल पुन्हा तपासला आणि आपल्या मंजुरीचा लेख त्याच पुलावर वेगळा कोरवून घेतला.