स्टेरॉइड संप्रेरके आणि अ‍ॅलर्जीतील पेशी

अ‍ॅलर्जीत ऊतींमधील मास्ट पेशी आणि इओसिनोफिल, बेसोफिल व टी-पेशी या पांढऱ्या पेशी भाग घेतात. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल, तसेच ईस्ट्रोजेन व टेस्टोस्टेरॉन ही लैंगिक संप्रेरके या पेशींचे वर्तन बदलतात. पण प्रत्येक पेशीवर परिणाम वेगळा होतो.

इओसिनोफिलवरील परिणाम सर्वांत ठळक आहे. कॉर्टिसॉल वाढले किंवा प्रेडनिसोलोन हे कॉर्टिसॉलसारखे स्टेरॉइड औषध दिले की काही तासांतच रक्तातील इओसिनोफिल घटतात. त्यांना जगवणारे इंटरल्युकिन-५ हे संदेशवाहक प्रथिन कमी तयार होते आणि या पेशी मरू लागतात. १९४८ मधील थॉर्न चाचणी याच गुणधर्मावर आधारलेली होती : अधिवृक्क ग्रंथींना चालना देणाऱ्या एसीटीएच या संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन चार तासांनी इओसिनोफिल मोजत आणि त्यावरून अधिवृक्क ग्रंथींची क्षमता ठरवत. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे मात्र उलट घडते. त्यांचे आयुष्य लांबते व रक्तातील संख्या वाढते. स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या, म्हणजे जंतुसंसर्ग झालाच असे धरून चालू नये.

स्टेरॉइडने मास्ट पेशींचा स्राव लगेच थांबतो, असा गैरसमज फार आहे. मानवी फुप्फुसातील मास्ट पेशी स्टेरॉइडमध्ये चोवीस तास ठेवल्या तरी त्यांतून होणारा, अ‍ॅलर्जीची लक्षणे आणणाऱ्या हिस्टामिनचा स्राव थांबत नाही. कॉर्टिसॉल पेशीत शिरून ग्राहीला (संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनाला) जोडले जाते, ही जोडी केंद्रकात जाऊन जनुकांचे काम बदलते, आणि त्याचे फळ दिसायला तास लागतात. म्हणून एका मात्रेने अ‍ॅलर्जीचा काही तासांनी येणारा दुसरा टप्पा आटोक्यात येतो, लगेच उसळणारा पहिला टप्पा नाही. नाकातील स्टेरॉइड फवारा काही आठवडे नियमित वापरला, तर अस्तरातील मास्ट पेशीच कमी होतात व पहिला टप्पाही सौम्य होतो. अ‍ॅनाफिलॅक्सिस या जीवघेण्या अ‍ॅलर्जीत मात्र मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनच आधी द्यावे लागते. स्टेरॉइडची वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

लैंगिक संप्रेरकांचे चित्र अजून पुरते उलगडलेले नाही. मास्ट पेशींवर ईस्ट्रोजेनचे ग्राही असतात आणि प्रयोगशाळेत ईस्ट्रॅडिओल या ईस्ट्रोजेनमुळे त्यांचा स्राव वाढतो. उंदरांत टेस्टोस्टेरॉन हे अ‍ॅलर्जीला चिथावणाऱ्या आयएलसी-२ या प्रतिकारपेशींना आवर घालते. बालपणी दमा मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक आढळतो, वयात आल्यानंतर स्त्रियांत. काहींचा दमा पाळीच्या आधीच्या दिवसांत बळावतो. अशा रुग्णाने पाळीच्या तारखांसोबत दम्याच्या तक्रारीही लिहून ठेवल्या, तर डॉक्टरांना औषध ठरवताना त्यांचा उपयोग होतो.