नॅशनल पार्क आणि बीएलएमची जमीन: मोआबला आरव्ही न्यायच्या आधी

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मोआबची सहल आरव्हीने, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीने, ठरली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "आर्चेस नॅशनल पार्कच्या आतलं कॅम्पग्राउंड नाही मिळालं तरी बिघडत नाही, बाहेर सगळी सरकारी जमीनच आहे, कुठेही उभी करू आरव्ही." दुसरी मंडळी बरोबर उलट टोकाला असतात: "पार्कच्या बाहेर राहणं बेकायदा, रात्री रेंजर येऊन उठवतो." दोघांनाही आपलंच खरं वाटतं. दोघांनीही दोन खात्यांचे नियम एकमेकांत मिसळलेले असतात.

नॅशनल पार्कबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्हाला पाठ आहे. गेटवर पैसे किंवा पास, व्हिजिटर सेंटर, नकाशा, डांबरी रस्ता, आखलेले ट्रेल. आर्चेसमध्ये डेव्हिल्स गार्डन हे एकच कॅम्पग्राउंड आहे. तिथे ५१ जागा आहेत, हुकअप (गाडीला वीज-पाण्याची जोडणी) नाही, आणि मार्च ते ऑक्टोबरमधल्या तारखांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं. आपल्या नंबरच्या जागेवर झोपायचं. पार्कातल्या एखाद्या पार्किंगमध्ये आरव्हीत रात्र काढता येत नाही.

आता बीएलएम, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट. नॅशनल पार्क सर्व्हिस आणि हे खातं, दोन्ही एकाच इंटीरियर डिपार्टमेंटच्या छत्राखाली आहेत. गोंधळाला सुरुवात इथूनच होते, कारण दोघांची कामं अगदी वेगळी आहेत. पार्क सर्व्हिस १९१६ साली निघाली ती निसर्ग आहे तसा पुढच्या पिढ्यांसाठी राखायला. बीएलएम १९४६ साली निघालं ते दोन जुन्या कचेऱ्या एकत्र करून. त्यातली एक सरकारी जमिनी वाटणारी, दुसरी गुरांच्या चराईचे परवाने देणारी. १९७६ च्या कायद्याने या खात्यावर जबाबदारी टाकली ती एकाच जमिनीचे अनेक उपयोग सांभाळायची: चराई, खाणी, तेल, जीपगाड्या, सायकली आणि आपल्यासारखे भटके. आपल्याकडचं गायरान डोळ्यांसमोर आणा, फक्त देशभर मिळून सुमारे २४.५ कोटी एकरांचं. म्हणून ट्रेलवर गाय आडवी आली किंवा शेजारून धूळ उडवत एटीव्ही (कच्च्या रस्त्यांवरची छोटी चारचाकी) गेली तर चिडू नका. त्यांचाही तिथे तितकाच हक्क आहे.

खरी फसगत होते ती रात्रीच्या मुक्कामात.

पार्कात नियमाची दिशा अशी: जिथे परवानगी दिली आहे तिथेच राहायचं, बाकी सगळीकडे मनाई. बीएलएमच्या जमिनीवर मूळ नियम उलटा आहे: मनाई केलेली नसेल तिथे राहता येतं. कॅम्पग्राउंड नाही, नंबर नाही, पैसे नाहीत. आधी वापरलेली मोकळी जागा बघायची आणि गाडी लावायची. याला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. साधारण मर्यादा २८ दिवसांत १४ दिवस, मग तिथून हलायचं. इथवर बहुतेकांना माहीत असतं, आणि नेमकं इथेच लोक वाचायचं थांबवतात.

कारण "मनाई केलेली नसेल तिथे" या अटीत मोआबचा जवळजवळ सगळा गावालगतचा परिसर अडकतो. गर्दी इतकी वाढली की खात्याने एकेक पट्टा बंद करत नेला. कोलोरॅडो नदीच्या काठाने जाणारा १२८ नंबरचा रस्ता, पलीकडचा २७९ नंबरचा पोटॅश रोड, केन क्रीकचा पट्टा, सगळी बीएलएमची जमीन. पण तिथे रस्त्याकडेला मन मानेल तिथे रात्र काढता येत नाही, फक्त आखून दिलेल्या कॅम्पग्राउंडमध्ये, पैसे भरून. सँड फ्लॅट्स, म्हणजे सायकलवाल्यांचा प्रसिद्ध स्लिकरॉक ट्रेल जिथे आहे तो भाग, तोही बीएलएमचाच. तिथे आत शिरायलाच फी आहे आणि मुक्काम नेमून दिलेल्या जागांवरच.

म्हणजे तुमच्या फोनवरच्या नकाशात जमीन पिवळी दिसते, म्हणून तिथे झोपता येतं असं नाही. अमेरिकेतल्या जमिनीच्या नकाशांवर बीएलएम पिवळ्या रंगात असतं, नॅशनल फॉरेस्ट हिरव्या, नॅशनल पार्क जांभळट, राज्याची जमीन निळ्या आणि खासगी पांढऱ्या. हा रंग जमीन कोणाची ते सांगतो, तिथे काय चालतं ते सांगत नाही. नकाशाचं ॲप घ्यायचं, पिवळ्या पट्ट्यावर बोट ठेवायचं आणि "फुकट आहे रे!" म्हणून जाहीर करायचं, हा प्रकार आता माझ्या डोक्यात जातो. पिवळ्या रंगाखाली तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात: कुठेही राहा, फक्त नेमलेल्या जागी राहा, किंवा फक्त दिवसा या. तिन्ही नकाशावर सारख्याच दिसतात. फरक कळतो तो बीएलएमच्या मोआब कार्यालयाच्या कॅम्पिंगच्या पानावर आणि प्रत्यक्ष जागेवरच्या खांबांवर. तंबूच्या चित्रावर काट मारलेला बुटका खांब दिसला की विषय संपला, आजूबाजूला आणखी चार आरव्ही उभ्या असल्या तरी.

निळ्या चौकोनांचंही बघा. युटा १८९६ साली राज्य झालं तेव्हा जमिनीच्या मोजणीतल्या दर ३६ तुकड्यांमागे चार तुकडे शाळांच्या खर्चासाठी राज्याला मिळाले. त्यामुळे पिवळ्या विस्तारात मधूनमधून निळे ठिपके विखुरलेले आहेत. तिथे बीएलएमचे नियम लागत नाहीत, राज्याचे लागतात. कुंपण नसतं, पाटी असेलच असं नाही.

आणि ट्रेलहेड, म्हणजे ट्रेल सुरू होतो ती जागा! कोरोना आर्च हे उत्तम उदाहरण. पोटॅश रोडवरून चढायचं, रेल्वेचा रूळ ओलांडायचा, पुढे खडकाला बांधलेली केबल आणि एक छोटी शिडी, मग ती प्रचंड कमान. तिकीट नाही, गेट नाही, बुकिंग नाही. ट्रेल इतका मोकळा आहे म्हणून लोक समजतात की पार्किंगमध्ये रात्रीही थांबता येईल. तसं नाही. ट्रेल दिवसा सगळ्यांना खुला आहे आणि रात्रीचा मुक्काम हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शेजारीच आहे: गोल्ड बार नावाचं बीएलएमचं कॅम्पग्राउंड.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. कुत्रा आर्चेसच्या ट्रेलवर चालत नाही, बीएलएमच्या बहुतेक ट्रेलवर चालतो. ड्रोन पार्कात बंद. बीएलएमवर बऱ्याच ठिकाणी चालतो, पण कृपया पहाटे नको. अमेरिका द ब्युटिफुल या नॅशनल पार्कांच्या पासने पार्कचा प्रवेश होतो, पण रात्रीच्या जागेचे पैसे त्यात धरलेले नसतात, ना पार्कात ना बीएलएमवर. डेड हॉर्स पॉइंट हा स्टेट पार्क आहे, तिथे हा पास दाखवून उपयोग नाही. हुकअपची वीज मात्र तिथे मिळते. भारतातून आलेल्या आई-बाबांसाठी सीनियर पास काढायचा बेत दरवर्षी कोणीतरी करतंच. तो फक्त अमेरिकेच्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतो. साठी-सत्तरीचे केस दाखवून चालत नाही.

पाण्याबद्दल मात्र थोडं गांभीर्याने. आर्चेसमध्ये व्हिजिटर सेंटरला नळ आहे, डेव्हिल्स गार्डनला आहे. बीएलएमच्या नदीकाठच्या कॅम्पग्राउंडमध्ये खड्ड्याचा संडास, टेबल, शेकोटीची लोखंडी कडी असते, पिण्याचं पाणी धरून चालू नका. डिस्पर्स्डला तर यातलं काहीच नाही. पाण्याची टाकी गावात भरून निघायचं, सांडपाणी गावातच पैसे देऊन डंप करायचं. भांड्यांचं पाणी "झाडांना घातलं तर काय होतं" म्हणून वाळूत सोडणारे आपलेच लोक पाहिले आहेत. वाळवंटात ते मुरून नाहीसं होत नाही. वास राहतो, उंदीर येतात.

तसंच या वाळवंटात दिसणारी ती काळपट, खरबरीत, फुगलेली माती. तिच्यात सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, दगडफूल असं सगळं जिवंत असतं आणि वाळू धरून ठेवायचं काम तेच करतं. चाकाखाली एकदा चिरडली की भरून यायला दशकं लागतात. म्हणूनच आधी वापरलेली उघडी जागा निवडायची, नवी पाडायची नाही. तशा जागेपर्यंतचा रस्ता बहुधा कच्चा असतो, आणि भाड्याच्या आरव्हीच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुतेक वेळा मनाई असते. सही करण्याआधी ते कलम वाचा. लाल चिखलात रुतलेली २८ फुटी गाडी बाहेर काढायचा खर्च तुमच्याच खिशातून जातो.

मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने डिस्पर्स्डच्या फंदात पडूच नये. १२८ वरची बिग बेंडसारखी कॅम्पग्राउंडं आधी येईल त्याला जागा या तत्त्वावर चालतात. आठवड्याच्या मध्यात, सकाळी दहाच्या आसपास, लोक निघत असतात तेव्हा पोचा. गाडी लांबलचक असेल तर आत शिरण्याआधी वळायला जागा आहे का, हे एकाने उतरून चालत बघून यावं. दुपारपर्यंत नाही जमलं तर गावात खासगी आरव्ही पार्क आहेत. महाग आहेत, शेजारची गाडी अगदी खेटून असते, पण वीज-पाणी मिळतं, आणि सकाळी सातला निघालात तर कोरोना आर्चचं पार्किंग भरायच्या आत पोचता.