धारेच्या दगडाला खोबरेल लागतंच, हे खरं नाही

आपल्या कोकणात अजून ऐकायला मिळतं की दगडाला खोबरेल पाजल्याशिवाय सुरीला धार येत नाही. अहो, धार तेलाने येतच नाही, दगडातल्या कणांनी पोलाद घासून येते, तेल किंवा पाणी फक्त निघालेला काळा कीस वाहून न्यायला, म्हणजे दगडाची छिद्रं बुजत नाहीत. एका बाजूने भरड, दुसऱ्या बाजूने बारीक असा साधा कार्बोरंडमचा, म्हणजे कृत्रिम कठीण कणांचा दगड पाण्यावर मस्त चालतो. खोबरेल तर त्यातल्या त्यात वाईट, २४ अंशांच्या आसपास थिजतं, मग थंडीतल्या सकाळी दगडावर पांढरा थर, त्यात कीस अडकला की पातं नुसतं सरकतं, घासलं जातच नाही. आणि जपानी वॉटरस्टोनला, म्हणजे पाण्यावरच वापरायच्या धारेच्या दगडाला, तेल अजिबात दाखवू नका, एकदा मुरलं की निघता निघत नाही.

खरा फरक पडतो तो दगडाच्या नंबरने, नंबर जितका मोठा तितके दगडाचे कण बारीक. दात पडलेल्या कोयत्याला ४०० च्या आसपासचा, बांगडा-सुरमई कापायच्या सुरीला १०००, वस्तऱ्याला शेवटी ८००० आणि मग चामड्याचा पट्टा. सुरी १५ ते २० अंशांत धरून एकच बाजू घासत राहा, दुसऱ्या बाजूला धारेच्या कडेशी बोटाला बारीक खरखर लागली की मगच पालटा, बहुतेक जण इथेच घाई करतात. वस्तरा मात्र पाठ आणि धार दोन्ही टेकवून सपाटच फिरवायचा.

तेल हवंच असेल तर नंतर, खाऱ्या हवेत पोलादी पातं लगेच गंजतं, म्हणून पुसून कोरडं करून वरून थेंबभर फिरवा.