परिचारिकांचा सामूहिक करार (अमेरिका)

रुग्णालयाचे व्यवस्थापन आणि तिथल्या परिचारिकांची संघटना यांच्यात ठरावीक मुदतीने वाटाघाटी होतात आणि त्यांतून निघालेला लेखी करार दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो. यालाच परिचारिकांचा सामूहिक करार म्हणतात. अमेरिकेतल्या खासगी रुग्णालयांत त्याची मुदत बहुधा तीन वर्षांची असते. पगार, पाळ्या, रजा, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन, बदल्या, शिस्तभंगाची कारवाई आणि तक्रार निवारण हे सगळे त्यात येते. बातम्यांत पगारवाढीचे टक्केच झळकत असले तरी अनेक मोठ्या संपांत बोलणी अडली ती एकाच कलमावर: एका पाळीत एका परिचारिकेच्या वाट्याला किती रुग्ण द्यायचे, आणि तो आकडा मोडला तर रुग्णालयाला काय भोगावे लागेल.

कायद्याची चौकट

अमेरिकी कामगारांना संघटना करण्याचा आणि मालकाला वाटाघाटीच्या टेबलावर बसवण्याचा हक्क १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने दिला. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली दुरुस्तीने मात्र ना-नफा रुग्णालये त्यातून वगळली. धर्मादाय संस्थेत सेवा करणारीने मालकाशी घासाघीस करू नये, ही समजूत त्या काळी समाजात खोल रुजलेली होती आणि परिचारिकांच्या मनातही ती होतीच. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९४६ मध्ये सभासदांच्या आर्थिक प्रश्नांवर वाटाघाटी करण्याचे धोरण स्वीकारले. पण १९५० मध्ये संप न करण्याचे वचनही जाहीर केले आणि ते १९६८ पर्यंत पाळले. संपाचे हत्यार आधीच खाली ठेवून बोलणीला बसल्यावर समोरचा किती ऐकणार, हे त्या अठरा वर्षांत पुरते दिसले.

१९७४ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ना-नफा रुग्णालये पुन्हा कायद्याच्या कक्षेत आणली आणि रुग्णांच्या रक्षणासाठी काही अटीही घातल्या. चालू करार बदलायचा असेल तर इतर उद्योगांत ६० दिवस आधी नोटीस पुरते, रुग्णालयात ती ९० दिवस आधी द्यावी लागते. सरकारच्या मध्यस्थी सेवेला ६० दिवस आधी कळवावे लागते. संप किंवा निदर्शने करायची तर संघटनेने किमान १० दिवस आधी तारीख आणि वेळ लेखी कळवायची असते.

या दहा दिवसांत रुग्णालयाचे रूपच बदलते. टाळता येतील त्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जातात, येणाऱ्या रुग्णवाहिका दुसरीकडे वळवल्या जातात आणि हलवता येतील ते रुग्ण हलवले जातात. जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयाने संपाच्या तोंडावर अतिदक्षता कक्षातली नवजात बाळे इतर रुग्णालयांत पाठवली होती. परिचारिका रुग्णांना वाऱ्यावर सोडून जातात असा आरोप प्रत्येक संपात होतो, आणि नोटिशीची ही तरतूद माहीत नसल्याने तो अनेकांना पटतोही.

संघटनेत कोण येणार, हाही वादाचा विषय. तातडीचे उपचार देणाऱ्या रुग्णालयांत नोंदणीकृत परिचारिकांचा गट वेगळा धरावा, असा नियम हा कायदा राबवणाऱ्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने १९८९ मध्ये केला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो उचलून धरला. त्यामुळे परिचारिकांच्या मागण्या स्वयंपाकघर, लेखा विभाग आणि सफाई यांच्या मागण्यांत विरघळून गेल्या नाहीत. उलट, पाळीची जबाबदारी सांभाळणारी चार्ज नर्स स्वतःच्या निर्णयाने कामे वाटत असेल तर ती पर्यवेक्षक ठरून संघटनेबाहेर जाऊ शकते, असा अर्थ मंडळाने २००६ मध्ये लावला. तेव्हापासून 'चार्ज' कोणाकडे आणि किती वेळ, यावर वकिलांच्या फैरी झडतात.

वाटाघाटी कशा चालतात

करार संपण्याच्या काही महिने आधी संघटना वॉर्डावॉर्डात मागण्या गोळा करते. निवडून आलेल्या परिचारिकांची समिती आणि संघटनेची पूर्णवेळ प्रतिनिधी एका बाजूला बसतात. दुसऱ्या बाजूला मनुष्यबळ विभागाचे अधिकारी आणि बहुतेक वेळा बाहेरून आणलेला वकील असतो. आधी पैशाशी संबंध नसलेली कलमे हाताळली जातात. प्रस्ताव लेखी दिला जातो, समोरचा गट वेगळ्या खोलीत जाऊन आपसात बोलतो आणि उलट प्रस्ताव घेऊन येतो. एखाद्या कलमावर एकमत झाले की त्यावर सह्या करून ते बाजूला ठेवतात. कायदा दोन्ही बाजूंना प्रामाणिकपणे बोलणी करायला लावतो, पण तडजोड करायला लावत नाही. महिनोन्‌महिने टेबलावर बसून काहीही न देणे कायदेशीर ठरू शकते, ते यामुळेच.

सगळे जुळले की तात्पुरता समझोता होतो आणि तो सभासदांच्या मतदानाला टाकला जातो. समितीने मान्य केलेला मसुदा सभासदांनी फेटाळल्याची उदाहरणे आहेत. करार चालू असेपर्यंत संप करायचा नाही, असे कलम बहुतेक करारांत असते. त्यामुळे संघटनेची खरी ताकद मुदत संपण्याच्या आसपासच असते.

पगाराचे कोष्टक अनुभवाच्या वर्षांप्रमाणे पायऱ्यापायऱ्यांचे असते. सर्वांना सरसकट टक्के द्यायचे की वीस-पंचवीस वर्षे काढलेल्यांसाठी वर नवी पायरी जोडायची, यावर परिचारिकांमध्येच मतभेद होतात. रात्रपाळीचा आणि शनिवार-रविवारचा भत्ता, सक्तीचा ओव्हरटाइम, अनुभव नसलेल्या वॉर्डात ऐनवेळी पाठवणे ही कलमे कागदावर किरकोळ दिसतात. रोजचे आयुष्य मात्र त्यांच्यावरच ठरते.

रुग्णसंख्येचा प्रश्न

परिचर्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांच्या आकडेवारीवर आधारलेले संशोधन प्रसिद्ध केले. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसते, असा त्याचा निष्कर्ष होता. वॉर्डात काम केलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. चौघांच्या जागी सहा जण असले की पाचव्याच्या घंटेला उशीर होतो आणि सहाव्याचा उतरत चाललेला रक्तदाब दिसायचा राहतो. पण टेबलावर अनुभवापेक्षा आकडा चालतो, आणि या संशोधनाने परिचारिकांच्या हाती तो दिला.

कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून रुग्णसंख्येवर मर्यादा घातली. ती २००४ पासून लागू झाली: अतिदक्षता विभागात एका परिचारिकेमागे जास्तीत जास्त दोन रुग्ण, आपत्कालीन विभागात चार आणि सर्वसाधारण वॉर्डात आधी सहा, पुढे पाच. मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर २०१८ च्या सार्वमतात असाच प्रस्ताव मांडला गेला. रुग्णालयांच्या संघटनेने त्याविरुद्ध जोरदार प्रचार केला आणि सुमारे ७० टक्के मतदारांनी तो फेटाळला. कायद्याचा रस्ता बंद झाल्यावर हा आकडा करारात घालण्याखेरीज तिथल्या परिचारिकांपुढे मार्ग उरला नाही.

टेबलावर पुरावा म्हणून येतो तो एक साधा कागद, 'हरकत नोंदवून स्वीकारलेली ड्युटी' या अर्थाचा. पाळीच्या सुरुवातीला आपल्या वाट्याला सुरक्षितपणे सांभाळता येणार नाहीत इतके रुग्ण आले आहेत असे वाटले, तर परिचारिका आधी वरिष्ठांना तोंडी सांगते. मदत मिळाली नाही तर फॉर्म भरते: वॉर्ड, पाळी, रुग्ण किती, परिचारिका किती हव्या होत्या आणि किती हजर होत्या, कोणते औषध किती उशिरा गेले, कोणाची जखम बघायची राहून गेली. एक प्रत वरिष्ठांकडे जाते, एक संघटनेकडे आणि एक ती स्वतःजवळ ठेवते. ड्युटी ती करतेच, कारण स्वीकारलेले रुग्ण सोडून गेली तर तिचा परवाना धोक्यात येतो. बारा तासांच्या पाळीनंतर, घरी जायच्या आधी, थकल्या हाताने भरलेले असे शेकडो कागद दोन-तीन वर्षांनी वाटाघाटीच्या खोलीत मांडले जातात. या सगळ्या व्यवहारात याहून प्रामाणिक दस्तऐवज दुसरा नाही.

वूस्टरचा संप

मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरातले सेंट व्हिन्सेंट रुग्णालय १८९३ मध्ये कॅथलिक जोगिणींनी सुरू केले. पुढे ते नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांच्या हाती गेले. तिथल्या परिचारिकांनी पहिल्या करारासाठी २००० साली ४९ दिवस संप केला होता. सक्तीचा ओव्हरटाइम हा त्यातला मुख्य मुद्दा होता आणि सिनेटर टेड केनेडी यांच्या मध्यस्थीने तो सुटला.

८ मार्च २०२१ रोजी त्याच रुग्णालयातल्या परिचारिका पुन्हा रस्त्यावर आल्या. आता मालकी डॅलसच्या टेनेट हेल्थकेअरकडे होती. कोविडचे पहिले वर्ष त्यांनी नुकतेच काढले होते. पाचऐवजी चार रुग्ण द्या, ही त्यांची मुख्य मागणी होती. ऑगस्टपर्यंत रुग्णसंख्येवर बऱ्यापैकी जुळत आले होते. तेवढ्यात नवा तिढा पडला. संपकाळात रुग्णालयाने शंभरावर परिचारिका कायमस्वरूपी भरल्या होत्या. त्यांच्या जागा त्यांच्याकडेच राहतील आणि संपावरच्या काही जणींना आपला जुना वॉर्ड वा पाळी परत मिळणार नाही, अशी व्यवस्थापनाची भूमिका होती. ज्या वॉर्डात वीस-वीस वर्षे काढली तिथे परतता येणार नसेल तर जिंकलेल्या आकड्याला अर्थ काय, असे म्हणत परिचारिका आणखी चार महिने बाहेर थांबल्या. मला त्यांचे म्हणणे पटते. व्यवस्थापनाची भूमिका मान्य केली असती तर पुढच्या प्रत्येक संपात जागा गमावण्याची भीती आधीच घर करून बसली असती.

मालकाच्या बाजूला मात्र कायदा उभा होता. आर्थिक मागण्यांसाठी संप करणाऱ्यांना काढून टाकता येत नाही, पण त्यांच्या जागी कायमची माणसे घेता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९३८ मध्येच म्हणून ठेवले आहे. मालकाच्या अनुचित कामगार प्रथेविरुद्धचा, म्हणजे कामगार कायदा मोडणाऱ्या वागणुकीविरुद्धचा, संप ठरला तर ही मुभा राहत नाही. म्हणूनच बऱ्याच संपांत संघटना मंडळाकडे तशी तक्रार करते.

अखेर केंद्रीय कामगार मंत्री मार्टी वॉल्श मध्ये पडले आणि १७ डिसेंबर रोजी समझोता झाला. परिचारिकांना आपापल्या मूळ जागा परत मिळाल्या आणि नव्याने भरलेल्यांनाही काढले गेले नाही. ३ जानेवारी २०२२ रोजी ४८७ विरुद्ध ९ मतांनी करार मंजूर झाला, तेव्हा संपाला ३०१ दिवस झाले होते.

छोटे संप, टाळेबंदी आणि दंड

इतका लांब संप क्वचित होतो. बहुतेक संप एक ते तीन दिवसांचे असतात, कारण पगार बुडतो आणि घराचे हप्ते थांबत नाहीत. रुग्णालयही एजन्सीमार्फत तात्पुरत्या परिचारिका विमानाने आणते. या एजन्सींचा करार बहुधा किमान पाच दिवसांचा असतो, म्हणून एका दिवसाचा संप करून परतलेल्यांना पुढचे चार दिवस दार बंद मिळते. बॉस्टनच्या टफ्ट्स मेडिकल सेंटरमध्ये जुलै २०१७ मध्ये सुमारे १,२०० परिचारिकांच्या बाबतीत हेच झाले.

आकडा करारात आला तरी पाळला गेला नाही तर काय, याचे उत्तर न्यूयॉर्कने शोधले. ९ जानेवारी २०२३ पासून माउंट सायनाय आणि माँटेफिओरे या दोन ठिकाणच्या सुमारे ७,००० परिचारिकांनी तीन दिवस संप केला. तीन वर्षांत मिळून १९ टक्के पगारवाढीवर बाहेरचे लक्ष खिळले. वॉर्डात ठरल्यापेक्षा कमी परिचारिका ठेवल्या तर तटस्थ लवादाकडे जाता येईल आणि लवाद रुग्णालयाला भरपाई द्यायला लावू शकेल, ही तरतूद माझ्या मते त्याहून मोठी होती. काही महिन्यांतच नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षातल्या कमतरतेसाठी लवादाने माउंट सायनायला सव्वा लाख डॉलरहून अधिक रक्कम द्यायला सांगितली. ती कमी मनुष्यबळात पाळी काढलेल्या परिचारिकांना मिळायची होती. परिचारिका न भरून वाचणारा पैसा अशा रीतीने रुग्णालयाच्या खर्चात परत येतो.

त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक शहरात रॉबर्ट वुड जॉन्सन विद्यापीठ रुग्णालयातल्या सुमारे १,७०० परिचारिकांचा संप ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत चालला. तिथेही मुख्य प्रश्न रुग्णसंख्येचाच होता.

भारत आणि महाराष्ट्र

रुग्णालय हा कायद्याच्या अर्थाने 'उद्योग' असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात ठरवले. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने किमान ३० टक्के सभासद असलेल्या संघटनेला मान्यता मिळवण्याचा मार्ग घालून दिला. मुंबईतल्या काही जुन्या खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांत असे वेतन करार झाले. पण ते सहसा वॉर्डबॉय, आया, तंत्रज्ञ आणि परिचारिका अशा सगळ्यांचे मिळून असतात. बोलणी पगार, महागाई भत्ता आणि बोनसभोवती फिरते आणि वॉर्डातल्या रुग्णसंख्येला त्यात स्वतंत्र जागा मिळत नाही. सरकारी रुग्णालयांत तर करारच नसतो. मागण्या शासन निर्णयाने मिटतात किंवा मिटत नाहीत, आणि संपाचे नाव काढले की 'मेस्मा'ची (राज्याच्या अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायद्याची) टांगती तलवार असते. महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेचा मे २०२२ चा संप बाह्यस्रोताने होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध होता.

खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या असंतोषाला तोंड फुटले ते २०११ मध्ये. मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयातल्या केरळच्या तरुण परिचारिकेने आत्महत्या केली. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवायची आणि बॉन्डच्या नावाखाली नोकरी सोडू द्यायची नाही, ही प्रथा त्यानंतर चव्हाट्यावर आली. त्याच वर्षी केरळात युनायटेड नर्सेस असोसिएशन उभी राहिली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या केंद्रीय समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत, आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तिथे राज्य सरकारी परिचारिकेइतकाच पगार द्यावा, अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका सांगतात. ते मोडले म्हणून वॉर्डातल्या परिचारिकेने लवादापुढे जाऊन भरपाई मागावी, अशी सोय मात्र त्यांत नाही.