मरळीचा जबडा आणि रबरी मासा

भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या मालगुजारी तलावाच्या पाळीवर सकाळी दहा मिनिटं गप्प बसलं, की कमळाच्या पानांच्या फटीत कुठेतरी 'गुळुप्' होतं. पाण्यावर वर्तुळ उमटतं, मागे दोन-चार बुडबुडे राहतात. मरळ हवा घेऊन खाली गेलेली असते. मोठ्या मरळीचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. कल्ल्यांच्या वर डोक्यात एक पोकळी असते, तिच्यात ती तोंडाने हवा भरून घेते. वर येऊ दिलं नाही, तर ती पाण्यातच गुदमरते. 10 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सव्वाअकरा मिलिग्रॅमपर्यंत ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. त्यात झाडोरा कुजत असेल, तर रात्री तोही उरत नाही. असल्या पाण्यात मरळ मजेत राहते, आणि गळ टाकणाऱ्याला दर थोड्या वेळाने आपला पत्ता सांगते.

बाजारात मिळणारे वीतभर लांबीचे रबरी मासे मात्र मरळीसाठी घडलेले नाहीत. ते बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या पाइक माशासाठी घडले. पाइक थंड पाण्यातला, आपल्याकडे नसतोच. पण शिकारीची रीत दोघांची सारखी : झाडोऱ्याच्या कडेला निश्चल उभं राहायचं आणि भक्ष्य टप्प्यात आलं की एकदम झेपावायचं. त्यामुळे ल्यूर, म्हणजे हा नकली मासा, चालतं. फसते ती गळाची बांधणी. वीस सेंटिमीटरचा रबरी मासा, पाठीला दोन तिकडी (तीन टोकांचे) गळ, अशी पाइकची जोडणी कमळाच्या तलावात फेकली, तर पहिल्याच फेकीत देठांचा भारा हाती येतो.

आधी ल्यूर हलतं कसं ते पाहू, कारण निवड तिथूनच ठरते. शेपटीच्या टोकाला आडवी चकती असते. ओढताना पाणी तिच्या एका कडेवरून निसटतं आणि मागे भोवरा सुटतो, मग दुसऱ्या कडेवरून, पुन्हा पहिल्या. दर भोवऱ्यागणिक शेपूट बाजू बदलते. वाऱ्यात तार गुणगुणते त्याचंही कारण हेच. चेक शास्त्रज्ञ स्ट्रोहल यांनी 1878 मध्ये तारांवर प्रयोग करून याचं गणित मांडलं : वेगाला रुंदीने भागायचं आणि साधारण 0.2 ने गुणायचं. चकती 3 सेंटिमीटरची आणि ओढ सेकंदाला 45 सेंटिमीटरची असेल, तर सेकंदाला सुमारे तीन ठोके. लवचिक शेपटीला हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, पण अंदाज बरोबर येतो. मोठी चकती संथ आणि जड ठोके देते, लहान चकती भरभर थरथरते.

हे ठोके मरळ अंगाने ऐकते. माशाच्या कुशीवरून जाणाऱ्या पार्श्वरेषेत पाण्याची हालचाल टिपणाऱ्या पेशी असतात. त्यांची पोच थोडीच, माशाच्या लांबीच्या एक-दोन पट अंतरापर्यंत. पण गढूळ पाण्यात डोळ्यांची पोच त्याहूनही कमी. म्हणून पावसाळ्यानंतरच्या चहासारख्या पाण्यात रुंद चकतीचं, गडद रंगाचं ल्यूर संथ ओढावं. हिवाळ्यात पाणी निवळलं, की बारीक शेपटीचं, तिलापियाच्या किंवा बेडकाच्या रंगाचं बरं. रंगावर याहून जास्त पैसे घालवण्यात अर्थ नाही. दुकानातले निम्मे रंग मासा नव्हे, माणूस पकडण्यासाठी असतात.

आकाराचं गणित बहुतेकांना उशिरा कळतं. लांबी दुप्पट केली, तर वजन आठपट होतं. 10 सेंटिमीटरचा रबरी मासा 10 ग्रॅमचा धरला, तर त्याच घडणीचा 13 सेंटिमीटरचा 22 ग्रॅम भरतो, 16 चा 41 आणि 20 चा 80. रॉडच्या दांड्यावर फेकवजन छापलेलं असतं. 28 ग्रॅमपर्यंतच्या रॉडने 80 ग्रॅमचं ल्यूर फेकलं, तर टोक मोडतं, नाहीतर दोरी तुटून ल्यूर एकटंच तलावात जातं. गावतलावातल्या दीड-दोन किलोच्या मरळीसाठी 10 ते 13 सेंटिमीटर पुष्कळ झालं. नदीच्या डोहात फुलमरळ असेल, ती मीटरभराच्याही पुढे वाढते, तिथे 16 घ्यावं. गळ-वजन धरून हे 50 ग्रॅमच्या आसपास जातं. त्याला 60 ग्रॅमपर्यंत पेलणारा सात फुटी हेवी रॉड लागतो.

पण लांबीपेक्षा जास्त महत्त्वाची आहे ल्यूरची उंची, म्हणजे पाठीपासून पोटापर्यंतचं अंतर, कारण गळ कसा बसतो ते तिच्यावर ठरतं. इथेच मरळ आणि पाइक वेगळे होतात. पाइक भक्ष्याला बहुधा मधोमध आडवं धरतो, म्हणून त्याच्यासाठी नाकात स्क्रू फिरवून त्यातून तारेच्या दोन शेपट्या काढतात आणि एकेक तिकडी गळ डोक्यामागे व शेपटीच्या अलीकडे पाठीत खोचतात. मासा लागला की गळ रबरातून सुटतात आणि जड ल्यूरला हेलकावून गळ उखडता येत नाही. उघड्या पाण्यासाठी ही उत्तम युक्ती आहे. मरळीच्या बाबतीत दोन अडचणी. एक झाडोरा, दुसरी तिचा हाडाळ जबडा. तिकडी गळावर पडलेला जोर दोन-तीन टोकांत वाटला जातो आणि हाडात एकही टोक धड शिरत नाही. एकाच जाड गळाच्या एकाच टोकावर सगळा जोर आला, तर ते शिरतं. म्हणून मरळीला एकच गळ, रुंद पोटाचा, आणि तो रबरात लपवलेला.

गळ निवडताना तो ल्यूरच्या कुशीला लावून बघावा. गळाच्या डोळ्याला जोडलेला स्प्रिंगचा स्क्रू नाकाशी ठेवला, तर गळाचा वाक शरीराच्या निम्म्यापर्यंत यावा, फार तर बोटभर मागे. त्याहून मागे गेला की शेपटीचा लवणारा भाग लोखंडाने जखडतो आणि चकती हलायची थांबते. मग दोन बोटांनी ल्यूर चिमटून धरावं. दाबलेल्या रबराच्या वर गळाचं टोक निदान 8 ते 10 मिलिमीटर उभं राहिलं पाहिजे. राहत नसेल, तर गळ लहान आहे किंवा ल्यूर जाड आहे. मरळीने जबडा मिटला की हेच होणार, आणि टोक रबरातच राहणार. 'चावली पण लागली नाही' या तक्रारीमागे निम्म्या वेळा हेच असतं. साधारण 10 सेंटिमीटरला 5/0, 13 ला 7/0 मापाचा गळ बसतो, पण कंपनीगणिक माप बदलतं. आकड्यापेक्षा चिमटीवर भरवसा ठेवावा.

बांधताना स्क्रूचं टोक नाकाच्या बरोबर मध्यावर टेकवून सरळ आत फिरवायचं. समोरून डोळ्यांच्या मधोमध, बाजूने पाठ-पोटाच्या मधोमध. स्क्रू दोन मिलिमीटर जरी बाजूला गेला, तरी ल्यूर पाण्यात गिरक्या घेतं आणि दोरीला पीळ पडतो. मग गळ ल्यूरच्या कुशीला सरळ लटकू द्यायचा, म्हणजे वाक पोटाच्या ज्या जागी येतो ती जागा दिसते. तिथे नखाने खूण करायची आणि नेमकं तिथूनच टोक आत घालून पाठीच्या मध्यरेषेवर बाहेर काढायचं. खूण न करता अंदाजाने टोचलं, की ल्यूर एक तर धनुष्यासारखं वाकतं, नाहीतर ताणलं जातं. पोटाला मुळात चीर नसेल, तर ब्लेडने तीनेक सेंटिमीटर लांब, निम्म्या जाडीइतकी खोल चीर द्यावी, म्हणजे रबर लवकर दबतं. शेवटी पाठीवर बाहेर आलेलं टोक जरासं पुढे सरकवून रबराच्या वरच्या कातडीत एखाद मिलिमीटर खोचायचं. बोट पाठीवरून पुढून मागे फिरवलं तर अडकू नये, आणि रबर दाबलं की लगेच उघडं पडावं.

वजन गळाच्या दांड्यालाच, पोटाखाली हवं. 5 ते 7 ग्रॅम पुरतं. कमी पडलं तर ल्यूर कुशीवर कलंडतं. जास्त झालं तर तळाकडे ओढलं जातं आणि गाळ खरवडत येतं. फेकण्याआधी पाळीजवळच्या स्वच्छ पाण्यात मीटरभर ओढून पाहावं. घरी असाल तर गुरांची नांद किंवा पाण्याचं टाकं चालतं. अंग किंचित डुलतंय आणि शेपूट ठोके देतेय, तर जमलं. एकाच बाजूला गोल फिरत असेल, तर स्क्रू काढून पुन्हा लावावा. अंग ताठ राहून नुसती चकती फडफडत असेल, तर रबर फार कडक आहे किंवा गळ लांब आहे.

दोरी विणलेली घ्यावी, 40 ते 50 पाउंड ताण सोसणारी. नायलॉन ताणलं की चांगलंच लांबतं, आणि वीस मीटरवरून दिलेला झटका त्या लांबण्यातच विरतो. पुढे अर्धा मीटर 50 पाउंडाचा जाड मोनो (एकपदरी नायलॉन) किंवा फ्लुरोकार्बनचा तुकडा जोडावा. पाइकला दातांमुळे तार लागते, मरळीला सहसा नाही. ल्यूरला पालोमर गाठ मारावी आणि आवळण्याआधी थुंकीने ओली करावी. कोरडी गाठ आवळताना घासून तापते आणि दोरी तिथेच कमजोर होते.

'गुळुप्' झालं त्या जागेवरच ल्यूर टाकू नये. तिच्या दोन-तीन मीटर पलीकडे टाकून त्या जागेवरून ओढून आणावं. रीलच्या एका फेऱ्यात 70 सेंटिमीटर दोरी येत असेल, तर दीड सेकंदाला एक फेरा, म्हणजे वर धरलेला सेकंदाला 45 सेंटिमीटरच्या आसपासचा वेग मिळतो. पानांच्या कडेला क्षणभर थांबावं. धडक बसली की लगेच झटका देण्याचा मोह होतो, आणि तिथेच मासा हुकतो. एक सेकंद थांबून, ढील गुंडाळून, दोरीवर वजन जाणवलं की मग रॉड जोराने वर. पुढचे तीन सेकंद तिला डोकं खाली घालू द्यायचं नाही. बेशरमाच्या झुडपात शिरली की संपलं.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसतो आणि खाली आई-बाप राखण करत असतात. त्या घोळक्यावर ल्यूर टाकलं की मरळ भुकेने नाही, रागाने चावते, आणि हमखास चावते. हे कौशल्य नव्हे. राखणदार गेला की पिल्लं इतर माशांच्या पोटात जातात. तलाव बहुधा मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असतो. ढीवर मंडळींना आधी विचारावं, पिल्लं कुठे आहेत तेही तेच सांगतात. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतल्या पाण्यात तर गळ टाकूच नये.

आता विदर्भाचा खरा शत्रू, ऊन. ही ल्यूरं बहुतेक पीव्हीसीची, आणि पीव्हीसी मुळात कडक. त्यात तेलासारखं द्रव्य मुरवून ते मऊ केलेलं असतं. मे महिन्यात 45 अंशांच्या दुपारी गाडीच्या डिकीत पेटी राहिली, तर ते द्रव्य पाझरतं, शेपट्या वाकतात आणि ल्यूर पेटीच्या तळाला चिकटतं. वाकलेली शेपूट सरळ होते : नुकतंच उकळून उतरवलेल्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवायची, सरळ धरायची आणि तशीच गार पाण्यात घालायची. फाटलेलं नाक सायनोअॅक्रिलेट गोंदाच्या दोन थेंबांनी जुळतं, पण जोडण्याआधी ते कोरडं हवं. ताणल्यावर पाचपट लांब होणारी आणि पाण्यावर तरंगणारी ल्यूरं टीपीई नावाच्या दुसऱ्या रबराची असतात. ती पीव्हीसीला टेकवून ठेवली, की दोन्ही विरघळून चिकट गोळा होतो.

पेटी घेताना तळ उलटा करून त्रिकोणातला आकडा पाहावा. 5 असेल तर पॉलिप्रॉपिलीन, ते चालतं. 2 आणि 4 ही चालतात. 6 म्हणजे पॉलिस्टायरीन, काचेसारखं लखलखीत आणि स्वस्त. त्यात ठेवलेलं ल्यूर महिन्याभरात पेटीत रुतून बसतं, आणि काढायला गेलं की पोटाची कातडी पेटीलाच राहते.