पिशवीचं ऑपरेशन झालं, मग पाय का सुजला?

गर्भाशयाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ऑपरेशन म्हटलं की घरच्यांच्या डोक्यात एकच असतं, पिशवी काढणार. पण बऱ्याचदा त्याच ऑपरेशनमध्ये ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेले लिम्फ नोडसुद्धा, म्हणजे लसिका गाळणाऱ्या छोट्या गाठी, काढतात. डॉक्टर "आजूबाजूच्या गाठीपण काढू" म्हणतात, आपण मान डोलावतो, विषय संपला. खरं तर तिथेच दोन प्रश्न जास्त विचारायला हवेत.

काढतात कशाला? तर कॅन्सरच्या पेशी मूळ जागेवरून निघाल्या की लसिकावाहिन्यांतून (पाझरलेलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून) बऱ्याचदा आधी या नोडमध्येच येऊन बसतात, म्हणून ते तपासले की आजार कुठवर गेलाय ते कळतं आणि पुढे रेडिएशन, केमो द्यायचं का ते ठरतं. व्हिएन्नाच्या एर्न्स्ट वेर्थाइमने १८९८ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी मोठं ऑपरेशन सुरू केलं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं सर्जन लोकांचा हिशोब असाच होता की जितकं जास्त साफ कराल तितकं बरं.

पण हे नोड शरीरात उगाच नसतात. रक्तवाहिन्यांतून पाझरलेलं पाणी आणि प्रोटीन पायाकडून जांघेत, तिथून ओटीपोटात असं वर चढत पुन्हा रक्तात जातं. मधले नोड काढले की घाटात दरड कोसळल्यावर मागे गाड्या तुंबतात तसं पायात पाणी तुंबतं. काहींचं शरीर आडवाटा शोधून घेतं, काहींचं नाही. जास्त नोड काढलेत, वरून रेडिएशनही झालंय, वजन जास्त आहे, अशांना धोका वाढतो. आणि हे लगेच होईल असंही नाही, बऱ्याच जणींना पहिल्या एक-दोन वर्षांत होतं पण काहींना खूप उशिरा, आणि तोवर जुन्या ऑपरेशनशी याचा संबंध असेल हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

सुरुवात अगदी किरकोळ असते. संध्याकाळी पाय जड वाटतो, एका पायाची चप्पल घट्ट होते, जोडवी रुततात. डॉक्टर नेमकं तिथेच तपासतात बरं का, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून उचलायची, उचलता आली नाही तर लिम्फेडिमाचा, म्हणजे अशा तुंबलेल्या पाण्याच्या सुजेचा, संशय पक्का. उचलता आली म्हणून मात्र नाहीच असं नाही, कारण सूज कधी मांडीत किंवा ओटीपोटाखाली, नाजूक जागीच असते आणि ती दाखवायची कशी म्हणून बायका गप्प बसतात. साडीत पाय दिसत नाही हा आणखी एक घोळ.

मग कोणीतरी लघवीची गोळी सुरू करतं. याने फारसं काही होत नाही, कारण गोळीने पाणी कमी झालं तरी प्रोटीन तिथेच राहतं आणि पाणी परत खेचून घेतं, पुढे तिथे चरबी आणि घट्ट तंतू साठून पाय कडक होत जातो. विदर्भात तर गडचिरोली, चंद्रपूरकडे हत्तीरोग आहेच, त्यामुळे सुजलेला पाय दिसला की तोच शिक्का बसू शकतो. एकाच पायाला अचानक सूज आणि दुखणं असेल तर शिरेत रक्ताची गुठळी नाही ना हे डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करून आधी बघायलाच हवं. कधी ओटीपोटात लसिका, म्हणजे हेच पाझरलेलं पाणी, साचून त्याची पिशवी बनते, बहुतेकदा ती त्रास देत नाही, पण मोठी झाली तर लघवीची नळी किंवा शीर दाबू शकते, आणि तिच्यात इन्फेक्शन झालं तर सुई-नळी घालून काढावं लागतं. मांडीच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणं, पाय जवळ आणताना जोर न लागणं, हे नसेला धक्का लागल्याने होतं.

बरं, एवढं सोसून फायदा किती? इथे मोठ्या अभ्यासांनी सर्जन लोकांना चांगलंच हलवलं. २००९ मध्ये आलेल्या अॅस्टेक अभ्यासात गर्भाशयाच्या सुरुवातीच्या कॅन्सरच्या १४०८ बायका होत्या, सरसकट नोड काढून आयुष्य वाढलं नाही. २०१९ मध्ये लायन अभ्यास आला, अंडाशयाचा पुढच्या टप्प्यातला कॅन्सर, ६४७ बायका, दिसायला नॉर्मल असलेले नोड काढून आयुष्य वाढलं नाहीच, उलट पुन्हा पोट उघडावं लागण्याचं प्रमाण ६.५ वरून १२.४ टक्क्यांवर गेलं. फुगलेले नोड काढू नयेत असा याचा अर्थ नाही हं, ती वेगळी गोष्ट.

मग मधला मार्ग निघाला, सेंटिनेल नोड. हिरवा चमकणारा डाय टोचायचा, खास कॅमेऱ्यातून बघायचं की पहिल्यांदा कुठल्या नोडमध्ये जातो, आणि तेवढाच काढायचा. २०१७ च्या फायर्स अभ्यासात गर्भाशयाच्या कॅन्सरमध्ये या पद्धतीने नोडमध्ये पसरलेला आजार ९७.२ टक्के वेळा पकडला गेला. बाहेरच्या जननेंद्रियाच्या कॅन्सरमध्ये, जिथे जांघेतले नोड काढतात, फरक तर डोळ्यात भरण्यासारखा आहे. २००८ च्या अभ्यासात फक्त सेंटिनेल काढलेल्यांत पायाची सूज १.९ टक्के, जांघ पूर्ण साफ केलेल्यांत २५.२ टक्के. तरी हे सगळ्यांना चालत नाही, कॅन्सरची गाठ लहान आणि एकच असावी लागते, वगैरे.

ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलंय त्यांनी काय करायचं? ट्रेनिंग घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून हलका मसाज, थरांचं बँडेज, मग मापाने बनवलेले कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज. मेडिकलमधून आणलेलं साधं क्रेप बँडेज कसंतरी गुंडाळणं म्हणजे हे नव्हे. नागपूरच्या मे महिन्यात दिवसभर स्टॉकिंग्ज घालायला सांगणं सोपं, घालणं कठीण, हेही मान्य. पाय वापरायचा, चालायचं, व्यायामाने सूज वाढते हा गैरसमज आहे. ऑपरेशनच्या आधीच टेपने घोटा, पोटरी, मांडी मोजून वहीत लिहून ठेवलं तर नंतर फरक लवकर कळतो. अनवाणी शेतात जाणं टाळा, भेगांना क्रीम लावा, कारण छोट्या चिरेतूनही जंतू शिरतात. सुजलेला पाय लाल, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला तर क्रोसिनवर दिवस काढू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा, अँटिबायोटिक लागतं.